टेकचंदची चौकट

नव्या मुलाची वही बिसेन मास्तरांनी तिसऱ्यांदा वर्गात फिरवली, तेव्हा टेकचंद रहांगडाले खिडकीबाहेर पाहू लागला. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं. एक म्हैस होती आणि तीही पाठमोरी. पण परसराम कापगतेच्या वहीपेक्षा टेकचंदला ती बरी वाटली.

"पाहा पोरहो, याले म्हणतात अक्षर!" मास्तर म्हणत होते. "नाई तं तुमची अक्षरं. कोंबडी चिखलातून पळाल्यावानी."

पंचावन्न सालची गोष्ट. आमगावच्या त्या शाळेत गेली दोन वर्षं काही सुंदर करायचं म्हटलं की टेकचंदला हाक जायची. संमेलनाचा पडदा त्यानंच रंगवला होता. गणपतीच्या मागचं कमळ त्याचं होतं. हेडमास्तरांच्या मुलीच्या लग्नात दाराच्या दोन बाजूंना काढलेले हत्तीही त्याचेच. त्यातला डावा हत्ती डुकरासारखा दिसतो, असं वऱ्हाडातलं कोणी म्हणालं होतं; पण तसं म्हणणारा माणूस सालेकशाचा होता, आणि सालेकशाच्या माणसाला हत्तीतलं काय कळतं, असं टेकचंदनं स्वतःला समजावलं होतं.

आणि मग यंदा अर्जुनीकडून हा परसराम आला. गावोगावचे तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजाच्या घरातला मुलगा. किडकिडीत, कमी बोलणारा, इथं मामाकडे राहून मॅट्रिक करणारा. त्यानं कोणाचं काही बिघडवलं नव्हतं. तो फक्त लिहीत होता.

जानेवारीत शाळा तपासायला इन्स्पेक्टरसाहेब यायचे होते. त्यांना दाखवण्यासाठी मुलांनी एक हस्तलिखित मासिक काढावं, असं बिसेन मास्तरांच्या मनात आलं. नाव ठरलं 'नवी लोंबी'. गोंदियाहून जाड ड्रॉइंग पेपर आणले गेले, मोजून चाळीस. टेकचंद नवा शर्ट घालून आला, कारण संपादक कोण हे त्या दिवशी सांगणार होते.

"संपादक परसराम," मास्तर म्हणाले. "लिवणं सारं त्याच्याकडं. टेकचंद, तू चौकटी काढ."

"चौकटी?"

"हो. पानाच्या कडेनं. वेल-गिल. थोडंसं."

वर्गात तीन मुली होत्या. त्यांतली प्रेमिला तेवढ्यात शेजारणीला म्हणाली, "बरं झालं बाई. त्याचं अक्षर मोत्यासारखं आहे." ती हळू बोलली होती, पण टेकचंदचा कान त्या वेळी फक्त त्याच बाजूला होता.

'थोडंसं' हा शब्द घेऊनच तो शाळेतून निघाला. घरी तो जेवला नाही. आईनं, शामकलाबाईनं विचारलं, "काऊन रे, पोट दुखून राहिलं का?"

"आई, अक्षर मोठं का चित्र मोठं?"

"मले का समजते? मले दोनी नाई येत," आई म्हणाली आणि त्याच्या ताटातलं वरण भांड्यात परत ओतू लागली.

कामाची रीत अशी ठरली की आधी टेकचंदनं चौकट रंगवायची, रंग वाळला की परसरामनं आत मजकूर लिहायचा. ही रीत टेकचंदनंच सुचवली. आधी शाई आणि मग रंग केलं तर शाई फुटते, असं त्यानं मास्तरांना सांगितलं, आणि ते खरंही होतं. पण पानाचा पहिला ताबा आपल्याकडे राहतो, हे त्याहून खरं होतं.

पहिल्या चार पानांना त्यानं दोन बोटं रुंद चौकट काढली. धानाच्या लोंब्या, कमळं, कोपऱ्यात पोपट. परसरामनं पानं हातात घेतली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाला, "मस्त काढला गा." मग अक्षर थोडं बारीक करून लिहून टाकलं.

मास्तर खूश. "वा परसराम! जागा कमी, तरी सारं बसवला!"

टेकचंदला वाटलं, पोपट कोणी पाहिलाच नाही. पुढच्या चार पानांची चौकट त्यानं चार बोटं केली. परसरामचं अक्षर मुगाएवढं झालं. तरीही रेघ न् रेघ सरळ, काना न् काना ताठ. मास्तरांनी ती पानं सातवीपासून अकरावीपर्यंत सगळ्या वर्गांत फिरवली. हेडमास्तर स्वतः येऊन पाहून गेले. "बारीक लिवणं हे मोठं कठीण काम आहे," ते म्हणाले. पोपटांबद्दल ते काही म्हणाले नाहीत. त्या पानांवर एकूण सोळा पोपट होते.

आता टेकचंदला मागं येता येईना. तो आणखी पुढं गेला. चौकट सहा बोटं झाली. परसरामचं अक्षर मोहरीवर आलं. बाजाराच्या दिवशी गावातले लोक शाळेत डोकावून विचारू लागले, "थो बारीक लिवणारा पोरगा कोनता जी?" एका म्हाताऱ्यानं तर परसरामचे हात उलटेपालटे करून पाहिले.

टेकचंद जितकी जागा खाई, तितकं परसरामचं नाव वाढे. हे गणित टेकचंदला दिसत नव्हतं असं नाही. पण मत्सराला गणित येत असतं तर तो मत्सर कशाला झाला असता?

प्रेमिलानं आपल्या गावच्या तलावावर लेख दिला होता. चांगला अडीच पानी लेख. त्या पानाच्या कडेला वेल काढून टेकचंदचं समाधान झालं नाही, म्हणून त्यानं मधोमध पिसारा फुलवलेला मोर काढला. परसरामनं काही तक्रार केली नाही. त्यानं मोराच्या भोवतीनं, मानेखालून, पायांच्या मधून लेख लिहीत नेला आणि शेवटचं वाक्य शेपटाच्या टोकाशी आणून संपवलं.

प्रेमिलानं ते पान उजेडात धरलं, जवळ नेलं, लांब नेलं.

"माहा लेख कोठी आहे?"

"हा काय," परसराम म्हणाला. "चोचीपासून सुरू होते."

"मलेच वाचता नाई येऊन राहिला तं दुसऱ्याले काय येईल?" तिनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "तुमच्या दोघाइच्या भांडनात माहा तलाव आटला!"

"भांडन? आमचं कायचं भांडन?" परसरामनं विचारलं. त्याचा चेहरा इतका कोरा होता की टेकचंदला तो ढोंगी वाटला.

शेवटी एकच पान राहिलं. तेच अंकाचं पहिलं पान, संपादकीयाचं. खाली संपादकाची सही येणार, म्हणजे हे पान इन्स्पेक्टरसाहेब सर्वांत आधी पाहणार. टेकचंद दोन दिवस त्या पानाशी बसला. लोंब्या काढल्या, लोंब्यांवर पाखरं काढली, पाखरांमागं डोंगर, डोंगरावर आपल्याच भागातल्या प्रतापगडचा किल्ला, किल्ल्यामागं सूर्य, आणि सूर्याच्या किरणांत पुन्हा लोंब्या. दोन हत्तीही काढले. या वेळी दोन्ही हत्ती हत्तीसारखे झाले. मधे मजकुरासाठी जागा ठेवली काडेपेटीएवढी. नेमकी तेवढीच. घरून काडेपेटी आणून, पानावर ठेवून त्यानं कडेनं पेन्सिल फिरवली होती.

ते पान पाहून परसराम पहिल्यांदा थोडा गडबडला.

"येवढीच जागा, गा?"

"काऊन? तुले तं जमते ना बारीक. सारा गाव सांगून राहिला."

"जमते, पन..." परसराम खिशातले दुमडलेले कागद चाचपत राहिला. मग म्हणाला, "बरं. पाहातो."

दोन दिवसांनी त्यानं पान आणून दिलं, तेव्हा टेकचंद आधीच्या पानांवरच्या लोंब्यांना हिरव्या रंगाचा शेवटचा हात देत होता. काडेपेटीच्या जागेत खसखस सांडल्यासारखं काहीतरी काळं दिसत होतं. टेकचंदनं ते वाचायचा प्रयत्न केला नाही. परसरामनं स्वतःची काय आरती ओवाळली असेल ते त्याला न वाचताच ठाऊक होतं.

इन्स्पेक्टरसाहेब आले. टेबलावर चादर, चादरीवर 'नवी लोंबी'. समोर सगळी शाळा सतरंजीवर बसलेली. साहेबांनी चष्मा घालून पहिलं पान उघडलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. मग पान नाकाजवळ नेलं.

"हेडमास्तर, ये बीच में क्या है? शाई सांडली का?"

"संपादकीय आहे साहेब," हेडमास्तर अभिमानानं म्हणाले. "सारं हातानं लिवलं."

"असं? मग वाचा बरं."

हेडमास्तरांनी पान घेतलं. एकदा पानाकडं, एकदा साहेबांकडं पाहिलं आणि ते बिसेन मास्तरांच्या हातात दिलं. मास्तरांनी डोळे बारीक केले. "'नवी'..." एवढं त्यांना वाचता आलं, आणि तेही अंकाचं नाव आधी माहीत होतं म्हणून.

"लिहिणाऱ्यालाच वाचू द्या," साहेब म्हणाले.

परसराम उभा राहिला. कानापर्यंत लाल झालेला. "साहेब, मी... मले नाई जमनार. आवाज बसला माहा." आवाज तर त्याचा खणखणीत होता.

शेवटी स्टेशनजवळच्या घड्याळं दुरुस्त करणाऱ्या मुन्नालाल घडीसाजाकडून भिंग मागवलं. ते निघालं घडीसाज डोळ्याच्या खाचेत बसवतात तसलं, काळ्या नळीचं. साहेबांना ते चष्म्यामुळं लावता येईना. हेडमास्तरांनी लावलं, तर भुवई हलली की ते टपकन खाली पडे. समोर पोरं तोंडं दाबून हसू लागली.

"टेकचंदले द्या," बिसेन मास्तर म्हणाले. "चित्रकाराची नजर आहे. थो वाचते."

टेकचंदला नाही म्हणता येईना. परसरामची स्तुती, परसरामच्याच अक्षरात, आपल्याच तोंडानं सगळ्या शाळेला ऐकवायची! त्यानं भिंग डोळ्यात खुपसलं, पान उचललं आणि बळी द्यायला नेलेल्या बोकडासारखा तो वाचू लागला.

"'नवी लोंबी'चा हा पहिला अंक वाचकांच्या हाती देताना आम्हांस आनंद होत आहे. या अंकातील हस्ताक्षराचे कौतुक होईल. परंतु अक्षर ही सरावाची गोष्ट आहे. ते कोणालाही साधेल. या अंकाचा प्राण म्हणजे आमचे मित्र..."

टेकचंद थांबला. भिंग नीट बसवलं.

"वाच ना बे," मास्तर म्हणाले.

"...आमचे मित्र टेकचंद रहांगडाले यांची चित्रे होत. त्यांचा हात आम्हांस लाभला असता, तर आम्ही अक्षर गिरवीत बसलोच नसतो." त्याचा आवाज खाली खाली जाऊ लागला. "टेकचंद यांच्याविषयी आणखी पुष्कळ लिहावयाचे होते. परंतु..."

"मोठ्यानं!" साहेब म्हणाले.

"परंतु चौकटीमुळे जागा उरली नाही."

मग साहेब हसले, आणि साहेब हसले म्हणून हेडमास्तर हसले, आणि हेडमास्तर हसल्यावर सगळ्या शाळेला मुभा मिळाली.

"ये चौकट किसने बनाई?" साहेबांनी डोळे पुसत विचारलं.

उत्तर द्यायची कोणालाच गरज पडली नाही. सगळ्या शाळेची बोटं टेकचंदकडे वळली होती. तो उभाच होता, एका डोळ्यात काळी नळी घेऊन. सर्वांत जास्त प्रेमिला हसत होती, आणि तिला तसा हक्कही होता.

शाळा सुटल्यावर टेकचंदनं परसरामला रेल्वेच्या फाटकाजवळ गाठलं. दोघं रुळांच्या कडेनं चालू लागले.

"मले सांगितला काऊन नाई बे?" टेकचंदनं विचारलं.

"लाज वाटली. तोंडावर कसं सांगावं? म्हनून तं लिवलो."

"आनखी पुष्कळ लिवाचं होतं म्हणते. का लिवनार होता?"

"दोन पानं लिवलो होतो पयले. तुह्यावरच. मंग तुही जागा पाह्यलो न् कापत गेलो, कापत गेलो..." परसरामनं हातानं कापून दाखवलं. "येवढंच राह्यलं."

दोन पानं! आजवर त्याच्यावर कोणी दोन ओळी लिहिल्या नव्हत्या.

"थे पानं कोठी आहेत?"

"थे?" परसराम आठवू लागला. "तू शेवटच्या दिवशी कुंचली पुसाले रद्दी मांगतला ना? तुलेच देल्लो."

टेकचंद माघारी वळला तो पळतच. शाळा झाडणारी कुंदाबाई साहेब येणार म्हणून कपाटामागं लोटून ठेवलेला वर्गाचा कचरा टोपलीत भरून निघाली होती. त्यानं टोपली तिच्या हातून ओढली आणि व्हरांड्यात पालथी केली. "पागल झाला का गा पोट्टा?" ती ओरडत राहिली. एक पान सापडलंच नाही. दुसरं सापडलं, ते लोंब्यांच्या हिरव्या रंगानं या टोकापासून त्या टोकापर्यंत माखलेलं होतं. टेकचंदनं ते विहिरीवर नेऊन अलगद पाणी लावून पाहिलं. पण तो रंग त्यानं पक्का म्हणून खास निवडून आणवला होता, आणि तो तसाच निघाला.

सगळ्या पानावर एकच शब्द कसाबसा वाचता येत होता. ठसठशीत, मोत्यासारख्या अक्षरात.

'तथापि'.

तथापि काय? टेकचंदनं दुसऱ्या दिवशी परसरामला विचारलं. परसरामनं खूप आठवून पाहिलं, पण त्याला आठवेना. मॅट्रिक झालं, परसराम अर्जुनीला परत गेला, टेकचंदनं गोंदियाला पाट्या रंगवायचं दुकान काढलं, तरी तो कधीमधी पोस्टकार्ड टाकून विचारत असे. परसरामचं दर वेळी उत्तर येई. छान मोठ्या अक्षरात, खाली अर्धं कार्ड कोरं सोडून: सध्या तरी आठवत नाही.