टेमकर काकांची परात

सुकांतीवर अन्याय झाला तो मागच्या वर्षी, गणपती बसायच्या आधीच्या सोमवारी, सकाळी अकराच्या सुमारास, पुण्यातल्या एका दवाखान्याच्या तपासणीच्या खोलीत. नाव बदललेलं नाही. तिला विचारलं तर म्हणाली, माझंच घाल, मी काय चोरी केलीय?

सुकांती तेव्हा दहा वर्षांची. आईवडील ओडिशातून बांधकामावर आलेले. आईला ओडियाखेरीज काही येत नाही, आणि मुलीला महापालिकेच्या शाळेमुळे मराठी आपल्यासारखी येते. डॉक्टरांनी आईला तपासलं, मग आईकडे न बघता मुलीकडे बघून म्हणाले, "आईला सांग, पोटात गाठ आहे. काढावी लागेल. कसली आहे ते काढल्यावर कळेल."

मुलीने आईला ओडियात सांगितलं, "गॅस झालाय. गोळ्या घे."

ही गोष्ट मी जिथे जिथे सांगते तिथे एक तरी माणूस विचारतोच, की मुलगी खोटं का बोलली. माझं उत्तर ठरलेलं आहे. ते वाक्य तिच्या हातात देणारा माणूस वयाने मोठा होता, शिकलेला होता, आणि खोलीबाहेर बाकावर बसलेल्या मोठ्या माणसांत कोणाला ओडिया येते का, हे त्याने विचारलंही नाही. प्रश्न त्याला विचारा. दिवाळी होऊन गेली तरी त्या पोरीने ती गाठ एकटीने सांभाळली. आईच्या पोटातली आणि स्वतःच्या पोटातलीही.

ती शेवटी बाहेर काढली एका अशा माणसाने, जो भेटेल त्याचे खिसे तपासतो.

अरविंद टेमकर, राहणार शनिवार पेठ. खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात अख्खी नोकरी गेटवर काढली. आत जाणाऱ्याची झडती घ्यायची. काडेपेटी, लायटर, बिडीचं बंडल, जे काही पेट घेईल ते बाहेर. निवृत्त होऊन काका घरी आले, पण गेट त्यांच्याबरोबर आलं. आमच्या दुभाषी गटाच्या बैठकीला कोणीही या, टेमकर काका दारात स्टीलची परात घेऊन उभे. नमस्कार नाही, या-बसा नाही. एकच शब्द: "खिसे."

माणसं गोंधळतात. मग किल्ल्या, मोबाईल, पाकीट परातीत येतं. एकदा एक माजी नगरसेवक आले होते, त्यांनी परात बघून हसत शंभराची नोट टाकली. त्यांना वाटलं वर्गणी. काकांनी नोट त्यांच्या हातात परत दिली आणि म्हणाले, "ही नको. काडेपेटी काढा." साहेब सिगारेट सोडल्याचं भाषणात सांगत असत. काडेपेटी निघाली.

काका आमच्यात आले तेही झडती घेतच. तेव्हा आमचा गट म्हणजे मी, कॉलेजची चार पोरं आणि पत्रकं. 'स्थलांतरित बंधू-भगिनींनो, आपले हक्क ओळखा', एका बाजूला मराठी, मागच्या बाजूला हिंदी. मीच लिहायचे, मीच वाटायचे, आणि लिहिताना मला स्वतःचाच अभिमान वाटायचा. एका संध्याकाळी पांढरा सदरा घातलेला, ताठ मानेचा माणूस समाजमंदिराच्या दारात आला. म्हणाला, "तुमचं पत्रक मंडईत कोथिंबिरीला गुंडाळून मिळालं. म्हणून वाचलं."

मी विचारलं, कसं वाटलं?

"कोथिंबीर चांगली होती."

मग त्यांनी माझ्या खांद्यावरची पिशवी हातात घेऊन वजन केलं, आतला गठ्ठा पाहिला आणि बाहेरच्या पायरीवर ठेवला. "हे ज्वालाग्राही आहे. आत न्यायचं नाही." वर विचारलं, ज्यांच्यासाठी लिहिलंय त्यांना वाचता येतं का? मी त्यांना साक्षरता, शासन आणि समाजाची उदासीनता यावर बरंच काही ऐकवलं. त्यांनी मध्ये न बोलता सगळं ऐकलं आणि तोच प्रश्न परत विचारला.

वाचता येत नव्हतं. पुढच्या महिन्यात पत्रकं बंद झाली आणि आमचा दुभाषी गट सुरू झाला. काका समन्वयक.

आता मजा बघा. दुभाष्यांच्या या समन्वयकाला भाषा एकच येते. साऱ्या देशातून आलेली माणसं आयुष्यभर त्यांच्या गेटमधून आत गेली, पण हिंदी काकांच्या झडतीत कधी सापडली नाही. मजूर वस्तीत जाऊन ते बायकांना धीर देतात तो असा: "बाई, तुम घाबरो मत. अपना माणूस आत में है. सब नीट होएगा." बायका हसतात. हसल्या की काका माझ्याकडे वळून म्हणतात, "बघा, कळलं त्यांना."

पण दुसऱ्याकडे कोणती भाषा लपलीय हे त्यांना कपड्यावरून कळतं की काय कोण जाणे. आमच्यातला एक इंजिनिअरिंगचा मुलगा वर्षभर आमच्याशी चकचकीत मराठीत बोलायचा. घरी भोजपुरी बोलतात हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं; शाळेत त्याला त्यावरून चिडवून बेजार केलं होतं. काकांनी त्याला दारात अडवलं. "खिसे."

"काका, सगळं ठेवलं परातीत."

"आईशी फोनवर बोलतोस ते कुठे ठेवलंस?"

पोरगा लाल झाला. आज रेशनच्या रांगेत तो भोजपुरीत असा खणखणीत बोलतो, की रांग पुढे सरकायची विसरते. कानडी, तेलुगू, ओडिया, गोंडी, बंजारा बोली, जिला घराबाहेर काढायची लाज वाटते अशी प्रत्येक भाषा काकांनी पोरांच्या खिशातून काढली आणि कामाला लावली. मला विचाराल तर पुण्यात यापेक्षा अभिमानाची जागा दुसरी नाही. तुमच्या यादीत काय असेल ते असो.

दुभाष्यांसाठी काकांचा नियम गेटवरचाच. जेवढं आत, तेवढंच बाहेर. आपल्या पदरचं घालायचं नाही, आपल्याला आवडलं नाही म्हणून काढायचं नाही. शिकवण्यासाठी ते स्वतः डॉक्टर व्हायचे. एका सरावात खोट्या पेशंटकडे बोट करून म्हणाले, पोटात दुखतं का विचार. त्याच इंजिनिअरिंगच्या मुलाने भोजपुरीत एवढं लांबण लावलं की काकांनी हात वर केला. काय सांगितलंस? तो म्हणाला, "सांगितलं की ॲसिडिटी वाटतेय, रात्री दही खाऊ नका."

काका म्हणाले, "माझ्या वाक्यात दही नव्हतं."

तेव्हापासून आमच्याकडे फुकटच्या सल्ल्याला दही म्हणतात. कोणी जास्त बोलायला लागलं की बाकीचे पुटपुटतात, दही, दही. मी स्वतः दह्याबद्दल सर्वात जास्त वेळा पकडली गेले आहे. हा गटाचा विक्रम आहे आणि तो मी कोणाला देणार नाही.

शनिवारी आम्ही वस्तीतल्या मुलांचा वर्ग घेतो. मुलांना परात फार आवडते. गोट्या, खडू, अर्धी चिक्की, एकदा जिवंत बेडूक. काका प्रत्येक वस्तू गंभीरपणे तपासतात आणि जाताना परत देतात. दिवाळीनंतरच्या एका शनिवारी सुकांती पहिल्यांदा आली. "खिसे," काका म्हणाले.

"माझ्या फ्रॉकला खिसा नाही."

"बिनखिशाची माणसं जास्त लपवतात. गेटवरचा अनुभव आहे."

हे ते गमतीने सगळ्यांनाच म्हणतात. बाकीची पोरं खिदळत आत गेली. ही तिथेच उभी राहिली. मी फळा पुसत होते, मला सगळं ऐकू आलं. मराठीत, खाली बघत, ती म्हणाली, "डॉक्टरांनी गाठ सांगितली होती. मी आईला गॅस सांगितलं. आईला अजून दुखतं."

काकांनी तिला जवळ घेतलं नाही, डोक्यावर हात ठेवला नाही, का गं असं केलंस विचारलं नाही. त्यांनी परात जरा तिच्यापुढे केली. म्हणाले, "ठेव इथे. ठेवलंस? आता ते माझ्याकडे जमा. तू आत जा."

आणि ती गेली. त्या दिवशी ती वर्गात इतकी बोलली, की तिला गप्प करावं लागलं.

मी म्हटलं, उद्याच दवाखान्यासमोर निदर्शनं करू, मी घोषणा लिहिते. काका म्हणाले, "आधी ओडिया शोधा." ओडिया येणारी आमच्याकडे एकच होती. लिपिका, आयटीतली, मूळची कटकची. ऑफिसात इंग्रजी, घरमालकिणीशी मराठी, आणि ओडिया फक्त आईशी, तेही हळू आवाजात. तिने रजा टाकली, सुकांतीच्या आईशेजारी बसून डॉक्टरांचं वाक्य होतं तसं सांगितलं. आई रडली. मग म्हणाली, पोरीला इतके दिवस झोप का लागत नव्हती ते आता कळलं. तिला स्वतःच्या पोटाचं काही नव्हतं, पहिला विचार पोरीचा.

ऑपरेशनच्या दिवशी लिपिका आत, मी बाहेर, आणि काका कॉरिडॉरमध्ये परात शेजारी ठेवून जमिनीवर मांडी घालून सुकांतीशी फुली-गोळा खेळत बसलेले. खडू परातीतलाच होता. दवाखान्याच्या फरशीवर खडूने लिहिल्याबद्दल दोन माणसं ओरडून गेली. काकांनी दोघांनाही मान हलवून होकार दिला आणि पुढचा डाव आखला. इतक्यात खोलीचं दार उघडून एक तरुण डॉक्टर म्हणाला, मुलीला पाठवा, पेशंटला काही विचारायचंय.

मुलगी सवयीने उठली. काका तिच्या आधी उठले आणि दारात उभे राहिले. कारखान्याच्या गेटवर कसे उभे राहत असतील ते मला तेव्हा दिसलं.

"आत आमची बाई आहे, तिला विचारा. मुलगी कामात आहे."

"काय काम?"

"खेळतेय."

डॉक्टरने फरशीकडे बघितलं, परातीकडे बघितलं, आणि दार लावून घेतलं. विचारलं त्याने लिपिकालाच. गाठ साधी निघाली. सुकांतीची आई आता वस्तीत काकांची नक्कल करते, "तुम घाबरो मत", अगदी हुबेहूब, आणि सुकांती सहावीत आहे. आमचा दुसरा नियम त्या दिवसापासूनचा. मूल मध्ये घ्यायचं नाही. दवाखान्यात नाही, मुकादमापुढे नाही, शाळेत स्वतःच्याच तक्रारीचं भाषांतर करायला तर नाहीच. आता आमचा माणूस पोचतो, आणि काका मूल घेऊन बाहेर बसतात. एका भाषेच्या समन्वयकाला हे काम पुरतं. त्याला भाषा लागत नाही, मांडी लागते.

मला वाटायचं, हा माणूस मला पुरता समजलाय. मागच्या रविवारी दुपारी परात आणायला त्यांच्या घरी गेले. दार उघडं होतं. मी आपणहून खिशातून मोबाईल काढून हातात धरला, पण काका "खिसे" म्हणालेच नाहीत. त्यांची माझ्याकडे पाठ होती. टेबलावर तांब्याला फोन टेकवून ठेवलेला, आणि पडद्यावर एक गोरी बाई. त्यांची सून. मुलगा जर्मनीत असतो, लग्न तिथलंच, आणि रविवारी त्याची ड्यूटी असते. सुनेला मराठी येत नाही. काकांचं इंग्रजी त्यांच्या हिंदीसारखंच.

काकांनी मेथीची जुडी उचलून पडद्यासमोर धरली. सून आत गेली आणि जांभळा कोबी घेऊन आली. काकांनी मान डोलावली. मग त्यांनी वांगं दाखवलं. तिने एक लांबलचक मुळा आणला. दोघं हसली. मग दाखवायला काही उरलं नाही. सुनेला काहीतरी सांगायचं होतं. दोनदा तोंड उघडून तिने मिटलं. काहीतरी आहे एवढं काकांना कळलं. काय ते कळलं नाही.

पलीकडून त्यांच्या नातीचा, इराचा आवाज आला, चक्क मराठीत. "आजोबा, मी सांगू का? आई काय म्हणते ते मला येतं."

"नको," काका म्हणाले. "तू खेळ."

फोन बंद झाल्यावर मी विचारलं, दर रविवारी असंच असतं का? म्हणाले, "रविवारी भाजी ताजी असते." मी म्हटलं, काका, इराला सांगू द्यायचं होतं की. साधंच काहीतरी असेल.

त्यांनी मेथी निवडायला घेतली. "साधं आहे की नाही हे ऐकल्यावर कळतं. तोवर ते पोरीच्या हातातून गेलेलं असतं."

तर आता तुम्ही. हो, तुम्हीच. तुमच्या घरात एक भाषा पडून आहे. आजीची कानडी, आईची तेलुगू, तुमच्या मित्राची ती बोली जी तो पाहुण्यांसमोर गिळतो. ती घेऊन गुरुवारी सकाळी आमच्या समाजमंदिरात या; दवाखान्यात एखादं मूल शाळा बुडवून आईचा हात धरून उभं असेल, त्याची जागा घ्या. आणि या शहरात जर्मन शिकणारे गल्लोगल्ली आहेत. त्यातल्या एकाने रविवारी दुपारी तासभर शनिवार पेठेत यावं. काकांना मी हे सांगितलेलं नाही. ते दारात "खिसे" म्हणतील, तेव्हा वाद न घालता रिकामे करा. दही घरी ठेवून या. आणि त्या बाईला त्यांना काय सांगायचंय, ते ऐका आणि सांगा. जेवढं आत, तेवढंच बाहेर.