चाळीस मिनिटांची गल्ली

शेषेरावमामा स्वतःच्या लेकीच्या लग्नात उभे होते ते काखेत नगरपंचायतीची चावी धरून. चावी म्हणजे खिशात मावणारी नव्हे. साडेतीन फुटी लोखंडी दांडा, वर आडवी मूठ. गल्लोगल्लीचे पाण्याचे व्हॉल्व्ह त्यानंच उघडायचे. "घरी ठिवली अन् कुणी पाणी सोडलं मंग?" असं त्यांचं म्हणणं. कन्यादानाला भटजी म्हणाले, "पाणी सोडा," तर मामांनी आधी मनगटावरचं घड्याळ बघितलं.

आम्ही पोट धरून हसलो. मग ती लेक, सुरेखा, आमच्याच गल्लीच्या टोकाला, माझ्या भिंतीला भिंत लावून नांदायला आली आणि आमचं हसू बंद झालं.

आमचं गाव मांजरसुंब्याच्या अलीकडचं. तलाव भरला तर नळाला चौथ्या दिवशी पाणी, आटला की बाराव्या. दर गल्लीला पंचेचाळीस मिनिटं, असा नगरपंचायतीचा ठराव. ठराव करणारे तो विसरले, मामांनी पाठ केला. पूर्वी गाव सहकारी कारखान्याच्या भोंग्यावर घड्याळं लावायचं. दुष्काळात ऊसच उरला नाही, भोंगा बंद पडला, तेव्हापासून सगळे मामांचं घड्याळ विचारू लागले.

त्यांचा दुसरा नेम असा, की जिथं आपली चावी फिरते तिथला चहा घ्यायचा नाही. "च्या पेला की हात ढिल्ला पडतो," म्हणायचे. चावी सगळ्याच गल्ल्यांत फिरायची, त्यामुळे मामा गावात कुणाच्याच घरची पायरी चढत नसत. फाट्यावरच्या हॉटेलात जायचे, कारण त्याला स्वतःचं बोअर होतं. लेकीच्या घरालाही सूट नव्हती.

सुरेखाच्या लग्नानंतर पाण्याच्या पहिल्याच पाळीला आमचा नळ चाळिसाव्या मिनिटाला फुस्स झाला. माझा ड्रम अर्धा. मी तशीच बाहेर पळाले. मामा खड्ड्यातून चावी उपसत होते.

"मामा, पाच मिनिटं राहिली की!"

"बाई, माझी लेक हाय हितं. उद्या लोक म्हणतील, शेषेरावनं लेकीला जास्तीचं पाणी दिलं."

"अहो, पंचेचाळीसच सोडा. पन्नास कोण मागतंय?"

"लोकायची नजर लई वंगाळ. पंचेचाळीस सोडले तर त्याहिला पन्नास दिसतेत. चाळीस सोडले की बरुबर दिसतेत."

मी अंगणवाडीची बाई. पोरांना अंक शिकवते, पण या गणितापुढे हात टेकले.

आम्ही अर्ज दिले. रिकाम्या घागरी घेऊन कचेरीवर गेलो, तर साहेबांनी वही दाखवली. तिथं कारकुनानं ठराव बघून आधीच पंचेचाळीस मिनिटं लिहून ठेवलेली. मग गल्लीनं सुरेखाला धारेवर धरलं. वैतागून तिच्या नवऱ्यानं दुसऱ्या गल्लीत भाड्याचं घर बघायला घेतलं आणि ही बातमी गावभर झाली. कालपर्यंत रिकामी असलेली घरं दुपारपर्यंत भरली. पेठ गल्लीतल्या एका घरमालकानं तर मला रस्त्यात गाठलं. "बाई, त्या जावयाला सांगा, आमच्या घरात ढेकणं लई हायेत." स्वतःच्या घराची अशी कीर्ती सांगणारा घरमालक मी जन्मात पाहिला नव्हता.

शेवटी सुरेखानं बापाशी बोलणं टाकलं. पाळीच्या दिवशी मामांची सायकल दिसली की ती दार लावून घ्यायची. मामा दाराकडे बघायचे, घड्याळाकडे बघायचे आणि चाळिसाव्या मिनिटाला चावी फिरवायचे. मला संताप यायचा, खोटं कशाला बोलू? पण एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली नाही. पाणी बंद केल्यावर मामा लगेच निघत नसत. चावी सायकलच्या दांडीला बांधायचे, गाठ सोडायचे, पुन्हा बांधायचे. एकेक गाठ तीन-तीनदा. दार काही उघडायचं नाही.

चार वर्षं हे असं चाललं. मग मामा रिटायर झाले. शाल-नारळ झालं. चावी नव्या माणसाच्या हातात देऊन मामा घड्याळही काढून द्यायला निघाले, तेव्हा लोकांनीच त्यांना आवरलं.

पुढच्या पाळीला आम्हाला पुरी पंचेचाळीस मिनिटं पाणी आलं. ड्रम भरले, घागरी भरल्या, बायका हौसेनं वाट्यासुद्धा भरत होत्या, तेवढ्यात मामा आले. पायी, मोकळ्या हातांनी. ते हात कुठे ठेवावेत हेच त्यांना कळत नव्हतं. सुरेखाच्या दारापुढे येऊन थांबले.

"माय, आता माझी चावी कुठंच फिरत न्हाई," ते म्हणाले. "च्या टाकतीस का?"

सुरेखा कडेवर घागर घेऊन उंबऱ्यात उभी होती. मला वाटलं, आता चार वर्षांचं सगळं बाहेर पडणार. तिनं घागर खाली ठेवली आणि आत गेली. मामा पायरीच्या कडेला अंग चोरून बसले.

चहा आला. मामांनी बशीत ओतून घोट घेतला, मग दुसरा घेतला.

"चांगलं हाय की गं तुज्या नळाचं पाणी," ते हळूच म्हणाले. "मला वाटायचं, टोकाला गढूळच येत आसंल. इचारावं म्हणायचो, पर तुजं दार बंद."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. इतकी वर्षं या माणसाला शिव्या मोजल्या, त्याची लाज वाटली.

बशी खाली ठेवून मामांनी सवयीनं घड्याळ बघितलं आणि उठू लागले. सुरेखानं त्यांचं मनगट धरलं, पट्टा सोडवला आणि घड्याळ पदरात बांधून घेतलं.

"बसा गप, आबा," ती म्हणाली. "दर पाळीला माझी पाच मिनिटं नेलीत. तेवढी बसल्याबिगर जाऊ देणार न्हाई."