कमरेचं वजन

अण्णारावची पाठ धरली, तेव्हा हुमनाबादच्या जिममधल्या मास्तरांनी त्याला खांद्यावर दांडा घ्यायची मनाई केली. "वजन पट्ट्यानं कमरेला टांग. दोन खोक्यांवर पाय फाकून उभा ऱ्हा आन् बैठका मार. पाठीला तरास न्हाई."

रविवारी सकाळी मागच्या खोलीत त्यानं चामडी पट्टा कमरेला बांधला आणि किराणा दुकानातलं वीस किलोचं लोखंडी माप साखळीनं त्याला टांगलं. अडकवायला आकडा मिळेना म्हणून साखळी पट्ट्याच्या बक्कलातूनच ओवून दुकानाचं कुलूप अडकवलं, उघडंच. पहिल्याच बैठकीला ते खटकन मिटलं. किल्ली वडिलांच्या, रेवणसिद्धप्पांच्या करदोट्याला.

तेवढ्यात दाराबाहेरून आई, चंद्रम्मा, म्हणाली, "अण्णा, बाहेर ये. जनवाड्याचे गुरुलिंगप्पा तुला बघायला आलेत. पोरीचे वडील."

"अव्वा, अप्पांकडनं किल्ली आण की!"

"किल्ली कशाला आता? पाव्हणे कवापासनं बसलेत. मुकाट्यानं ये!"

अण्णारावनं वरून लुंगी गुंडाळली आणि पाय फाकवून, इंचाइंचानं सरकत तो बैठकीत आला. गुडघ्यांमध्ये लुंगीचा भलामोठा फुगवटा हेलकावत होता. दोन्ही हातांनी तो सावरत तो बाजेवर बसला. बाज करकरली.

गुरुलिंगप्पांनी बशी खाली ठेवली. "कवापासनं हाय हे?"

"आज सकाळपासनं," अण्णाराव पुटपुटला.

"एका सकाळीत एवढं?" पाहुणे हबकले. मग पुढं वाकून मायेनं म्हणाले, "लाजायलास कामून? मला बी होतं. सोलापूरला आपरेशन करून घेतलो. एवढं मोठं नव्हतं, पर..."

पाहुण्यांना ती अंडवृद्धी वाटतेय, हे अण्णारावला तेव्हा कुठं उमगलं. कानाच्या पाळ्या पेटल्या.

"आम्हाला कधी बोलला न्हाईस रे," पाहुण्यांशेजारी बसलेल्या रेवणसिद्धप्पांचा आवाज भरून आला.

आता याहून वाईट काय व्हायचं राहिलं होतं! "अप्पा, किल्ली द्या," म्हणत त्यानं लुंगी गुडघ्यांच्या वर उचलली. वीस किलोचं माप सगळ्यांसमोर लोंबत होतं.

पोहे घेऊन आलेली चंद्रम्मा दारातूनच मागं फिरली. गुरुलिंगप्पा लालेलाल झाले; रिकामी बशीच त्यांनी तोंडाला लावली. रेवणसिद्धप्पांना हसू दाबताना कुलपाचं भोक सापडेना.

सोयरीक मोडलीच, असं धरून अण्णाराव चार दिवस दुकानाकडं फिरकला नाही. पाचव्या दिवशी जनवाड्याहून फोन आला.

"पोरगं पसंत हाय," गुरुलिंगप्पा म्हणाले. मग आवाज एकदम खाली आला. "मानपान तुमच्या मनासारखा करतो, माझं दुसरं काय बी मागणं न्हाई. फकस्त त्या दिवशी मी काय बोललो, ते लग्नात कुणी काढू नका."