सरकारी मेढे

गर्दी जमवावी तर मीच, असं मी तेव्हा चारचौघांत सांगत असे. पंच्याऐंशी-शहाऐंशीची गोष्ट. आमचे आमदार सुधाकरराव वन आणि पर्यावरण खात्याचे मंत्री झाले होते आणि मतदारसंघातली त्यांची कामं आंध्रातल्या आदिलाबादेत बसून मी बघायचो. त्यातलं एक काम तर माझ्या घरचंच होतं.

माझी सासुरवाडी बेल्याच्या पलीकडे. गावाला रस्ता नाही, कारण वाटेत जंगलखात्याची पट्टी आडवी. पावसाळ्यात तिथे बैलगाडी आसापर्यंत रुतायची आणि तो चिखल पार होळीपर्यंत वाळायचा नाही. माझ्या मोठ्या मेव्हणीचं बाळंतपण त्याच चिखलात, गाडीतच झालं होतं. आता माझी विमल पहिलटकरीण, माहेरी जाणार. मला ती पट्टी स्वप्नातही दिसायची.

जंगलखात्याचे रेंजर व्यंकटेशसाहेब म्हणत, गावानं आधी झाडं लावून दाखवावीत, मग रस्त्याचं बघतो. म्हटलं, एवढंच ना! मी पोळ्याच्या दिवशीच मंत्र्यांच्या हस्ते वृक्षारोपण ठेवलं. पोळ्याला बैलांना सुट्टी, माणसांना सुट्टी. गर्दी आपोआप.

कार्यक्रम झकास झाला. सुधाकररावांनी चावडीपुढे एक कडुनिंब लावला, सजवलेल्या बैलांसोबत फोटो काढला, "उद्या सकाळी रेंजरला घेऊन येतो" म्हणाले आणि बेल्याला मुक्कामी गेले. बाकीची रोपं मी दारोदार लावून घेतली. रोपवाटिकेत पळसच शिल्लक होता, म्हणून सगळी पळसाची. बाया भलत्याच हौसेनं पुढे आल्या. माझ्या सासूबाई, राहीबाई, म्हणाल्या, "जवाईबापू, लय सोय केली. यंदा रानात जायाचं काम नाई."

मी मान डोलावली. पर्यावरण म्हणजे काय ते या लोकांना किती पटकन कळतं, याचं मला कौतुकच वाटलं.

रात्रभर पाऊस झोडपत होता. सकाळी आरोळ्यांनी जाग आली. "इडा-पिडा, रोगराई, घेऊन जाय गे मारबत!" बाहेर येऊन बघतो तर सासूबाई दारातलं रोप मुळासकट उपटत होत्या.

"मामी, अहो हे काय करताय?"

"मेढा फेकून राह्यलो. पोळ्याच्या राती दारात पळस रोवायचा, घरातलं दुखणं त्याच्यावर जाते. सकाळी शिवेबाहेर नेऊन टाकायचा. तुमच्या मावल्याले नाई करत काय?"

करत असतील. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या गावी, मावल्यात, मी दहाच्या आत कधी डोळे उघडलेच नव्हते.

"मामी, ते सरकारी झाड आहे!"

"मंग तं बेसच. सरकारी मेढ्यावर पिडाबी जास्त बसन."

तोवर अख्खं गाव एकेक रोप खांद्यावर टाकून शिवेकडे पळत सुटलं होतं. मी धोतर सावरत मागे. "थांबा, मंत्री येतायत" असं ओरडत होतो, पण पिडा घेऊन जाणाऱ्या मारबतीपुढे मंत्र्याला कोण विचारतो? शीव म्हणजे तीच जंगलाची पट्टी. आणि पट्टीच्या मधोमध मंत्र्यांची जीप चाकं बुडवून उभी होती.

पहिलं रोप जीपच्या टपावर पडलं, दुसरं रेंजरसाहेबांच्या मांडीवर. "ये क्या हो रहा है?" ते किंचाळले.

रस्ता गेला, नोकरी गेली, विमलही बैलगाडीतच, असं सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. तोंडातून निघालं, "साहब, लोग जंगल में पेड़ लगाने आए हैं."

सुधाकरराव मूळचे जैनथचे. ते पोट धरून हसायला लागले. "काहून खोटं बोलून राह्यला रे? आमच्या गावातबी आज हेच चालू असन." हसत हसत खाली उतरले आणि गुडघ्याएवढे चिखलात गेले. एक पाय वर आला, चप्पल खालीच राहिली. मग त्यांचं हसू थांबलं.

"बाई, तुमचा जवाई सांगते ते खरं हाय काय? बाळंतपणाले अशातून नेता तुमी?"

"नेतो ना साहेब," सासूबाई म्हणाल्या. "माह्या मोठीचं लेकरू इथंच झालं. हे तुमी उभे हा, तिथंच."

रेंजरसाहेबांनी मांडीवरचं रोप हळूच उचलून बाजूला ठेवलं.

"फेकलेच हायेत तं इथंच रोवा," सुधाकरराव म्हणाले. "दोन्ही बाजूनं. मधात रस्त्याएवढी जागा सोडा."

सासूबाईंनी विचार केला. "शिवेबाहेर कुठंबी राहो. आमची ना नाई."

रोपं तिथेच लागली. जंगलखात्याच्या जमिनीवर झाडं आली म्हणून रेंजरसाहेब खूश. सासरे चंपतरावांनी बैल आणून जीप बाहेर ओढली. दिवाळीनंतर मुरूम पडला आणि संक्रांतीच्या सुमाराला विमल दारातून जीपमध्ये बसून दवाखान्यात गेली. मुलगी झाली. दोघी त्याच जीपनं परत आल्या तेव्हा मी चक्क रडलो. सुधाकररावांचे उपकार मी आजही विसरलेलो नाही.

बारशाला सासूबाई सगळ्यांचे उपकार मानत होत्या. मंत्र्यांचे, रेंजरचे, ड्रायव्हरचे, अगदी बैलांचेसुद्धा. मी घसा खाकरला.

"तुमचे तं सगळ्यात जास्त, जवाईबापू," त्या मनापासून म्हणाल्या. "तुमाले त्या दिवशी जोरात पळता आलं असतं तं तुमी आमाले वाटंतच अडवलं असतं. मंग कायचा रस्ता?"

मी पाळण्याची दोरी धरली आणि खाली मान घालून पोरीला जोजवत बसलो.