महबूल्याचे स्वारीत तेलुगू प्रणयाचा मोड जाहाला ते वर्तमान

स्वस्ति. समुद्रापार, जेथे ऊन हेच सुभेदार आणि वारा वाळूची चौथाई वसूल करितो, ऐशा कुवेत मुलुखी महबूला कसबियात जे घडले ते ऐकिले तैसे लिहितो. पदरचे मीठ पडले असेल तर चवीपुरतेच.

तेथे राजश्री बाळाजी परब, एसी दुरुस्तीचे सरदार, आणि त्यांचे कुटुंब विनिताबाई नांदत होती. बाळाजींचे तीर्थरूप गणपतराव कणकवलीहून भेटीचे व्हिसावर आले होते. त्यांचे कुटुंब नर्मदाबाई चतुर्थीआधी कैलासवासी जाहाली, आणि तेव्हापासोन गणपतराव हसले नव्हते आणि तिचे नावही जिभेवर घेत नव्हते. विनिताबाईंनी वडे तळिले, मग समुद्र दाखविला, मग मोठमोठी दुकाने दाखविली. मुद्रा म्हणोन हलली नाही.

शेजारी सुब्बरायुडू, कडप्पा प्रांतीचे, व्हॅन हाकणारे. त्यांनी मसलत दिधली की, आमचे भाषेचा विनोदी चित्रपट लागला आहे, अंकलांस तेथे न्यावे. बाळाजींनी शंका घेतली की, तीर्थरूपांस तेलुगू येत नाही. त्यावर उत्तर आले की, चिखलात पडणारास दुभाषी लागत नाही. मग विनिताबाईंचा हुकूम सुटला, आणि शुक्रवारी दुपारी व्हॅनमधून खाशी स्वारी थिएटरात दाखल जाहाली.

पूर्वार्धी हास्याची फौज बहुत जोरावर. नायक लग्नाचा आचारी, तो ज्योतिषी बनोन जमीनदारास फसवितो, आणि जमीनदाराचा रेडा पत्रिकाच खाऊन टाकितो. गणपतराव पुढे सरकोन पुसते जाहाले, "ह्यो रेडो कोणाचो गो?" विनिताबाईंस उमेद आली.

इतकियात नायिका केस उडवीत आली, आणि कथेत तिचे काय काम हे दिग्दर्शकासही न कळता गाणे सुरू जाहाले. लुंगीवाला आचारी कोट घालोन बर्फात गेला, रेडा गायब, विनोदाची रसद तुटली. एक गाणे सरले, मग दुसरे, आणि मग उसासे. थिएटरभर मोबाईल उजळले. सुब्बरायुडूंनी लाजेने मान खाली घातिली. पडद्यावरील जोडी हातात हात घालोन चालली, तशी गणपतरावांची मुद्रा पूर्ववत दगड जाहाली आणि ते म्हणाले, "बाळा, चल घराक."

बाळाजी उठलेही. परंतु बर्फात नायिका काही बोलोन रडो लागली, तेव्हा जाता जाता गणपतरावांनी सुब्बरायुडूंस पुसिले, "ये क्या बोलती?"

खरे बोलणे चंद्राचे आणि श्वासांचे होते. सुब्बरायुडूंनी आपल्या भाषेची अब्रू तोलिली, आणि शांतपणे सांगितले, "बोलती है, गॅस बंद किया था क्या?"

नायक गुडघ्यांवर बसला.

"अब बोलता है, याद नहीं."

नायिका पाठ फिरवोन चालती जाहाली.

"बोलती है, चलो, देखके आते हैं."

मागील रांगेतील कडप्प्याची मंडळी, ज्यांस तेलुगू आणि हिंदी दोन्ही येत होत्या, ती पोट धरोन हसली. गणपतराव परत खुर्चीत बसले. खांदे हलो लागले, आणि मग ते हसले, ऐसे हसले की डोळियांतून पाणी आले.

"नर्मदान येकदा यष्टी थांबवल्यान," ते म्हणाले, "चूल इझली काय ता बघूक."

"मगे?" बाळाजींनी पुसिले. त्यांसही हे ठाऊक नव्हते.

"मगे काय? यष्टी गेली. दोगा चलत गेलव लग्नाक. पोचलव तवसर पंगत उठलेली. वाटभर माकाच बोललीहा."

नायक-नायिकेचे मीलन तिकडे जाहाले की नाही, याचा पत्ता कोणास नाही. कारण पुढील सगळा वेळ गणपतराव नर्मदाबाईंच्याच गोष्टी सांगत होते, विनिताबाई ऐकोन हिंदीत सांगत होत्या, सुब्बरायुडू मागील रांगेस त्याचा तेलुगू तर्जुमा पोहोचवीत होते. ऐसा शुक्रवारी, भर थिएटरात, प्रणयाचा मोड होऊन परबांचे घराण्याची फत्ते जाहाली, हे नमूद असे.