तुमची भिंत आमच्या ओट्यावर पडायलीय

आमच्या समोरच्या संजयला कुठलाही फोटो दाखवा, तो आधी माणूस बघत नाही, सावली बघतो. लग्नाचा असो, बारशाचा असो, मान तिरकी करून एकच विचारतो, "उजेड कुठूनाय?"

माझ्या साडूच्या मुलाच्या लग्नात मंडपाच्या दारात नवरा-नवरीचा भला मोठा फ्लेक्स होता. हा पठ्ठ्या त्याच्यासमोर थांबला आणि शेजारी उभ्या असलेल्या नवरीच्या मामाला म्हणाला, "नवरदेवावर उजेड उजवीकून हाय, नवरीवर डावीकून. हे दोघं एका जागी उभेच नव्हते." मामाचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी संजयच्या दंडाला धरून त्याला पंक्तीत नेऊन बसवला. पुढं चौकात एका भावी सभापतींचा हात जोडलेला फ्लेक्स लागला. तिथंही हा थांबलाच. "पायाखाली सावलीच न्हाई. सायेब जमिनीवर न्हाईत." हे वाक्य संध्याकाळपर्यंत अख्ख्या मानवत गावात फिरलं.

आता माझं सांगतो. मी मोजणी खात्यातून रिटायर झालेला माणूस. उभं आयुष्य लोकांचे बांध मोजण्यात गेलं. सख्खा भाऊ भावाचा वीतभर बांध कसा कोरतो, ते या डोळ्यांनी बघितलंय. त्यामुळे माझा कुणावर विश्वास नाही, आणि त्याची मला लाजही नाही. संजय दहा वर्षं पुण्यात कंपनीत होता. आई, आमची पारूबाई, वारली आणि हा कायमचा इकडं आला, एकटाच. दिवसभर दार लावून कॉम्प्युटरसमोर. एकदा विचारलं, बाबा, करतोस तरी काय? तर म्हणे, "न बांधलेल्या घराचे फोटो काढतो, काका."

आता सांगा, संशय घ्यायचा नाही तर काय करायचं?

त्यात रोज दुपारी साडेचारला तो काठी घेऊन बाहेर यायचा. काठीच्या टोकाला चकचकीत स्टीलचा गोळा. बरोब्बर माझ्या भिंतीसमोर गोळा धरायचा, त्याचे फोटो काढायचा आणि मुकाट आत जायचा. तिसऱ्या दिवशी गल्लीतल्या चार दारांना लिंबू-मिरची लागली. माझी बायको म्हणाली, "मेल्यानं कायतरी करणी केलीय. तवापासून माझे गुडघे दुखायलेत." तिचे गुडघे दुखायला लागून बारा वर्षं झाली, पण ते बोलायची माझी हिंमत नव्हती.

शेवटी मीच त्याला हटकलं. तो खुशीत येऊन सांगायला लागला, "या गोळ्यात अख्खी गल्ली दिसती, काका. कुठून किती उजेड येतो ते कळतं. तोच उजेड कॉम्प्युटरमधल्या घरावर टाकला, की घर खरं वाटतं." मी "असं का" म्हणालो. गोळ्यात माझं दार, कुलूप, खिडकी सगळंच दिसत असणार, हे मात्र मनात पक्कं धरलं.

गिऱ्हाइकंही त्याच्यावर वैतागायची. बोरी गावच्या एका शेतकऱ्यानं पांढऱ्या घराचं चित्र करायला सांगितलं होतं. यानं भिंतीच्या खालच्या अंगाला काळ्या रानाची झाक चढवली. शेतकरी तडकला. "आरं, घर उभं राहायच्या आधीच डाग?" संजय ढिम्म. "दादा, पांढरं कुठंच पांढरं नसतंय. शेजाऱ्याचा रंग घेतंय." शेतकरी माझ्याकडं बघायला लागला. मी खांदे उडवले.

मग दिवाळी आली. माझी गल्लीकडची भिंत हळदीसारखी पिवळी आहे. बायकोला ती आकाशी पाहिजे होती. डबे आणले, रंगारी ठरला. सकाळी संजय धावत फाटकाशी आला, तोंड उतरलेलं.

"काका, रंग देऊ नका. लय उपकार हुतील."

"का रं?"

"तुमची भिंत आमच्या ओट्यावर पडायलीय."

झालं! इतके महिने दबा धरून बसलेला गडी अखेर हद्दीवर आला. मोजणीवाल्यापुढं भिंतीचं नाव काढतो म्हणजे काय! मी टेप काढली, ओळंबा काढला, डोक्याला रुमाल बांधला. भिंत वरून खाली ओळंब्यात तपासली. तसूभर कललेली नव्हती. गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजली, बरोबर भरली. रंगाऱ्याला साक्षीदार म्हणून उभा केला.

"दाखव," मी गरजलो, "कुठं पडायलीय माझी भिंत?"

"आता न्हाई, काका. साडेचारला पडती."

भिंत पडायची वेळ सांगणारा माणूस मी नोकरीत कधी बघितला नव्हता. रंगारी हसत घरी गेला. मी मात्र साडेचारला हट्टानं त्याच्या ओट्यावर जाऊन बसलो. ऊन उतरलं आणि समोर माझ्या भिंतीवर आलं. संजयनं एक पांढरा चेंडू ओट्यावर ठेवला. चेंडूची माझ्या घराकडची बाजू हळूहळू पिवळी झाली.

"बघा, पडली," तो म्हणाला. "आईच्या गालावर अशीच पडायची."

मी टेप खिशात घातली.

तो मला आत घेऊन गेला. कॉम्प्युटरवर हाच ओटा होता, कोपऱ्यातला टवका उडालेली पायरी होती, आणि ओट्यावर पारूबाई बसलेली. चेहरा आधार कार्डावरून घेतलेला. दुसरा धड फोटोच नव्हता तिचा. कार्डावर तर ती चोरासारखी दिसायची. यानं तिला उजेडात आणून बसवलं होतं. गालावर माझ्या भिंतीचा पिवळा.

"एवढा पिवळा नीट जमला की झालं. तुमी आकाशी दिलात, तर आई निळी पडंल." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "खरी वाटती का, काका? तुमी रोज बघितलंय तिला. मी नव्हतो."

हो म्हणायचं होतं मला. पण जन्माची खोड; चित्रात काहीतरी खोटं होतं आणि ते मला टोचत होतं. मी पारूबाईकडं बघत राहिलो, आणि सापडलं.

"हात कुठाय?"

"कोन्ता हात?"

"ती अशी बसायची न्हाई. साडेचारला कपाळावर हात धरून बसायची. माझ्या भिंतीची तिरीप यायची ना डोळ्यावर."

आता सांगायला सुरुवात केलीच होती, तर सगळंच सांगून टाकलं. वर्षानुवर्षं मला वाटायचं, म्हातारी आमच्या अंगणात डोकावती. म्हणून मी कंपाउंडवर पत्रा ठोकला. दुसऱ्या दिवशी ती ओट्याच्या पार टोकाला सरकून बसली, तिथून पत्र्याच्या कडेनं बघायला. मला लय राग आला होता. पत्र्याच्या पलीकडं माझं अंगण संपलं, की एसटी स्टँडकडून येणारी वाट दिसते, हे मला ती गेल्यावर उमगलं. साडेचारला पुण्याहून येणारी गाडी स्टँडवर लागते.

संजयनं चित्रातल्या ओट्याच्या टोकावर बोट ठेवलं.

"मी रोज चहाच्या टायमाला फोन करायचो," तो म्हणाला. "काय करायलीस, म्हटलं की म्हणायची, काय न्हाई रं, ओट्यावर उजेड बघत बसले. लय सुंदर उजेड पडलाय." त्यानं स्वतःचा हात कपाळावर नेला, जरा वर, जरा खाली. "मला खरंच वाटायचं, काका. आई उजेड बघायलीय."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि घरी आलो.

चार दिवसांनी त्यानं मला पुन्हा बोलावलं. आता चित्रात पारूबाईचा हात कपाळावर होता आणि हाताची मऊ सावली दोन्ही डोळ्यांवर आली होती. डोळे नीटसे दिसत नव्हते. तीच होती ती, हुबेहूब. मी चटकन मान फिरवली, ती मला बघतेय असं वाटून.

आकाशी रंग न्हाणीघराला लागला. बायको अजून धुसफुसते, भिंत पिवळीच आहे. कंपाउंडवरचा पत्रा मात्र मी त्याच दिवशी माझ्या हातानं उपटला. आता ओट्यावरून वाट पार स्टँडपर्यंत सरळ दिसते.