म्युलरसाहेबाच्या दोन ठिपक्यांची मोहीम

प्रथम विजेस मुजरा, की ती त्या दुपारी गेली नाही. जाती तर ही हकीकत लिहावयास कारणच न राहते. शके एकोणीसशे सव्वीस, तारणनाम संवत्सर, विजयादशमीचे दिवशी नाशिकानजीक मखमलाबादेस जे जाहले ते येणेप्रमाणे.

राजमान्य राजश्री पुंजारामबावा यांनी दोन वर्षे गुलाब जोपासले आणि पहिलाच माल जर्मन मुलुखी म्युलर नामे व्यापाऱ्याकडे रवाना होणार, खोकी तयार, बारकू जीपवाला अंगणात हॉर्न देतो आहे, तोच मुंबईच्या अडत्याचे फोनवरून फर्मान आले की, म्युलराचे नावात यू अक्षराचे माथां दोन ठिपके आहेत, ते लेबलांवर छापील पाहिजेत, पेनाने काढाल तर माल विमानी चढणार नाही. हे ऐकोन बावांनी चिरंजीवांस हाक मारली.

चिरंजीव ललितराव, बी.एस्सी. द्वितीय वर्ष, यांचे पदरी एक संगणक होता आणि त्यावर लिनक्सचा अंमल होता, कारण ते फुकट मिळाले. त्यांनी मोहिमेचा विडा उचलला आणि खोलीत शिरले, तो कीबोर्ड जागेवर नाही. शोध करता देवघरापुढे पाटावर, विळा, कात्री आणि फवारणीचा पंप यांचे पंगतीस हळदकुंकू लेऊन बसलेला आढळला. मातोश्री कलाबाईसाहेबांचा हुकूम सुटला की, "पूजेतलं हत्यार आज उचलायचं नाय."

"आई, मग कात्रीनं टाइप करू का?"

"ती पण पूजेतच हाय."

मग बावा जातीने तहास गेले आणि ठरले की, कीबोर्ड पाटासकट न्यावा, झेंडूस धक्का लागू नये.

लिनक्सचा रिवाज असा की, एखाद्या कळीस कंपोज हे पद द्यावे, मग ती दाबावी, मग अवतरणचिन्ह, मग यू, आणि ठिपके डोईवर हजर होतात. हे पद उजव्या आल्टाकडे होते. ललितरावांनी तो दाबला, तो खाली जाईना. आत अक्षता अडकून आणि कुंकवाचे पाणी मुरोन सरदार जागीच थिजले होते. कीबोर्ड उपडा करोन झटकावा, तो मातोश्री कडाडल्या, "दसऱ्याच्या दिवशी पूजा उपडी करतोस व्हय रे?" बाहेरून बारकू म्हणाला, "बावा, फुलं गावातच वाटून टाकू का?" बावा एक खोके उघडून कळ्यांवर पाणी शिंपडू लागले. ते ललितरावांस पाहवेना.

मग त्यांचे ध्यानी आले की, कोपऱ्यात मेनू नामे एक कळ आहे, तिला आजवर कोणी पुसले नाही आणि कुंकूही तिजपर्यंत पोचले नाही. तत्काळ सेटिंगांत जाऊन आल्टाची जहागीर खालसा केली आणि पदाची वस्त्रे मेनूस दिली. मेनू दाबली आणि अवतरणचिन्ह दाबले आणि यू दाबला, आणि पडद्यावर ठिपके प्रगटले, जोडीने.

लेबले छापून चिकटली. कलाबाईसाहेबांनी एक निरखोन पाहिले.

"एवढेच व्हय?"

"तेवढेच राहिले होते," बावा म्हणाले, आणि जीपमागे रस्त्यापर्यंत चालत गेले.

सांजेस गाव सीमोल्लंघनास वेशीपर्यंत गेला, तेव्हा बावांचे गुलाब कसाऱ्याचा घाट उतरत होते. येणेप्रमाणे फत्ते जाहली. आपल्याकडील उजवा आल्ट कामास आला. बाकी फौज सुखरूप.